व्यक्तिकेंद्रित समुपदेशन : कार्ल रॉजर्स यांची ऐकण्याची रीत

'समुपदेशन' हा शब्द मराठीत रुळून आता बरीच वर्षे झाली. शाळेत समुपदेशक असतो, कौटुंबिक न्यायालयात असतो, विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या शिबिरातही असतो. परंतु या शब्दाच्या पोटातच 'उपदेश' बसलेला आहे आणि तो आपल्या अपेक्षेतही तसाच बसून राहिला आहे. समुपदेशकाकडे जायचे ते चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकण्यासाठी, असेच बहुतेकांना वाटते. विसाव्या शतकात या क्षेत्राला ज्यांनी सर्वांत खोलवर वळण दिले, त्या कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मात्र सर्वप्रथम हा उपदेशच बाजूला ठेवला. त्यांच्या विचारसरणीला 'व्यक्तिकेंद्रित दृष्टिकोन' असे नाव आहे. तिचा उगम, तिची कार्यपद्धती, ख्रिस्तसभेशी आलेला तिचा संबंध आणि तिच्या मर्यादा यांचा हा परिचय.

कार्ल रॅन्सम रॉजर्स यांचा जन्म ८ जानेवारी १९०२ रोजी शिकागो शहराजवळच्या ओक पार्क येथे झाला. सहा भावंडांत ते चौथे. घर प्रॉटेस्टंट पंथाचे आणि कमालीच्या शिस्तीचे. मद्य, नाच, पत्ते, नाटक या साऱ्याला मज्जाव. आयुष्यात पहिल्यांदा सोड्याची बाटली प्यालो तेव्हा आपल्या हातून काहीतरी वाईट घडत असल्यासारखे वाटले होते, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहावयास गेले. शेतीच्या शास्त्रीय ग्रंथांतून प्रयोग कसा करावा व पुरावा कसा तपासावा हे ते तेथे शिकले. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी आधी शेतीशास्त्रच निवडले होते. पुढे धर्मसेवेची ओढ लागली, विषय बदलून इतिहास घेतला, आणि १९२२ मध्ये विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीच्या परिषदेसाठी पेकिंगला जाण्याची संधी मिळाली. त्या सहा महिन्यांच्या प्रवासात निरनिराळ्या देशांतील प्रामाणिक माणसे निरनिराळ्या श्रद्धा बाळगतात हे त्यांनी पाहिले, आणि घरच्या चौकटीतून ते बाहेर पडले.

१९२४ मध्ये विवाहानंतर ते न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत धर्मशिक्षणासाठी दाखल झाले. तेथे काही विद्यार्थ्यांनी एक चमत्कारिक मागणी केली : ज्यात शिक्षक विषय ठरवणार नाहीत आणि आम्ही आमचेच प्रश्न घेऊन बसू, असा एक वर्ग आम्हांला हवा. ती मान्य झाली. त्या वर्गात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी, त्यांत रॉजर्सही आले, विचार करता करता धर्मसेवेची वाट सोडली! रस्त्याच्या पलीकडेच कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षक महाविद्यालय होते. रॉजर्स तेथे जाऊन मानसशास्त्र शिकू लागले.

१९२८ पासून पुढील बारा वर्षे त्यांनी रॉचेस्टर येथे बालकांच्या संरक्षणासाठी चालवलेल्या एका संस्थेत काम केले. त्यांच्या पद्धतीचे मूळ पुस्तकांपेक्षा येथल्या एका प्रसंगात अधिक आहे. एका अतिशय हूड मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. आईने मुलाला लहानपणी झिडकारले हे दुखण्याचे मूळ, असे निदान रॉजर्स यांनी केले होते आणि ते तिला सौम्यपणे पटवून देण्याची त्यांची खटपट चालली होती. काही केल्या ते जमेना. शेवटी, आपण दोघांनी प्रयत्न केला, आता थांबू या, असे त्यांनी सुचवले. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, येथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन मिळते का? मिळते म्हणताच ती परत येऊन बसली आणि आपल्या संसाराची, नवऱ्याशी तुटलेल्या नात्याची, अपयशाची कहाणी सांगू लागली. आधीच्या भेटींत सांगितलेल्या कोरड्या हकिकतीहून ती अगदी निराळी होती. पुढे तिचे बरे झाले आणि मुलाचेही. काय दुखते आहे, कोणत्या दिशेने जायचे आणि कोणते अनुभव खोल गाडले गेले आहेत हे येणाऱ्या माणसालाच ठाऊक असते, हा धडा रॉजर्स यांनी त्या बाईकडून घेतला.

ओहायो राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर, ११ डिसेंबर १९४० रोजी मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी एक व्याख्यान दिले. आपल्या पद्धतीचा जन्मदिवस म्हणून ते पुढे हीच तारीख सांगत. सल्ला देणे, समजूत घालणे, अर्थ लावून दाखवणे या तत्कालीन रूढ उपायांवर त्यांनी त्या दिवशी बोट ठेवले होते. १९४२ च्या त्यांच्या ग्रंथात एका व्यक्तीबरोबरच्या आठही भेटींचे शब्दशः टिपण छापलेले आहे. नाव अर्थातच बदललेले होते. त्या काळी ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या दर काही मिनिटांनी बदलाव्या लागत. तोवर बंद दाराआड काय बोलले जाते हे समुपदेशक स्वतःच्या आठवणीतून सांगे आणि इतरांनी ते मानून घ्यायचे. रॉजर्स यांनी ते दार उघडले. अनेक टीकाकारही त्यांचे हे ऋण मान्य करतात.

पद्धतीचे नाव दोनदा बदलले आणि त्या बदलांतही अर्थ आहे. आरंभी ती 'दिशा न देणारी' पद्धत म्हणून ओळखली गेली. १९५१ मध्ये तिला 'क्लायंट-केंद्रित' हे नाव मिळाले. इंग्रजीतील 'क्लायंट' या शब्दाला मराठीत 'अशील' म्हणतात खरे, पण तो शब्द वकिलाच्या कचेरीतला. आपण 'साहाय्यार्थी' म्हणू या. मुद्दा असा की रॉजर्स यांना 'रुग्ण' हा शब्द नको होता. रुग्ण म्हटला की त्याच्याविषयी निर्णय दुसऱ्याने घ्यायचा. पुढे हाच विचार शिक्षण, कुटुंब, समूह आणि राष्ट्राराष्ट्रांतील वाद यांपर्यंत गेला तेव्हा १९७० च्या दशकात 'व्यक्तिकेंद्रित' हे नाव स्थिर झाले.

मूळ विचार

माणसात वाढीची एक उपजत ओढ असते, हे या विचाराचे अधिष्ठान होय. रॉजर्स यांच्या लहानपणी घराच्या तळघरात हिवाळ्यासाठी बटाटे साठवलेले असत. वर कोठेतरी एक लहानशी खिडकी. त्या अंधारातही बटाट्यांना कोंब फुटत, फिकट, लांबट, वेडेवाकडे, पण खिडकीच्याच दिशेने. ज्यांचे आयुष्य विद्रूप झालेले दिसते अशा माणसांकडे पाहताना त्यांना हे कोंब आठवत.

मग माणूस अडतो कोठे? तर प्रेमाला लावलेल्या अटींपाशी. 'शहाणी मुलं रडत नाहीत', 'पहिला नंबर आणलास तर तू माझा', 'आपल्या घरातल्या मुली उलटून बोलत नाहीत' हे आपण सहज बोलून जातो. मुलाला प्रेम हवेच असते, म्हणून ते आपले रडू, राग, भीती यांना स्वतःपासूनच लपवू लागते. मोठेपणी आत जे चालले आहे ते आणि 'मी असा आहे' हे चित्र यांची फारकत होते. ही फारकत म्हणजेच बेचैनी. कोणीतरी अट न घालता जवळ बसले, तर लपवलेले हळूहळू वर येते आणि माणूस स्वतःशी पुन्हा बोलू लागतो.

या 'जवळ बसण्या'ची लक्षणे रॉजर्स यांनी १९५७ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात सहा अटींच्या रूपाने मांडली. दोन व्यक्तींमध्ये खरा संपर्क हवा, त्यांपैकी एक अस्वस्थ वा विस्कटलेली असावी, आणि समुपदेशकाचे भाव तिच्यापर्यंत थोडे तरी पोहोचावेत, या तीन अटी पार्श्वभूमीच्या. उरलेल्या तीन समुपदेशकाच्या अंतरंगाविषयी आहेत. त्याने अंतर्बाह्य एक असावे, म्हणजे चेहऱ्यावर सहानुभूती आणि मनात कंटाळा असे नसावे. साहाय्यार्थीविषयी त्याच्या मनात बिनशर्त आदर असावा. आणि त्याच्या डोळ्यांनी त्याचे जग पाहता यावे, मात्र ते जग दुसऱ्याचे आहे याचा विसर पडू नये. या शेवटच्या गुणाला मराठीत 'समानुभूती' म्हणतात. सहानुभूतीत आपण काठावरून हळहळतो. समानुभूतीत पाण्यात उतरतो, पण बुडत नाही.

या सहा अटी आवश्यक आहेत आणि त्या पुरेशाही आहेत, असा रॉजर्स यांचा दावा होता. त्यातील 'पुरेशा' या शब्दावरून वाद पेटला, तो अद्याप शमलेला नाही.

प्रत्यक्षात हे कसे दिसते, याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. एक बाई म्हणतात, "सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. सगळं मीच करते. पण हल्ली वाटतं, उठावं आणि कुठंतरी निघून जावं." त्यावर आपली उत्तरे तयार असतात. "अहो ताई, घरोघरी मातीच्या चुली." "प्रार्थना करा, देव बळ देईल." "नवऱ्याला सांगा, नर्स ठेवा." यांतले एकही उत्तर दुष्टपणाचे नाही, शेवटचे तर उपयोगाचेही असेल. परंतु प्रत्येक उत्तराने बाईंचे वाक्य मिटवले. व्यक्तिकेंद्रित समुपदेशक कदाचित एवढेच म्हणेल, "करण्यात तुम्ही काही कमी ठेवलं नाहीत, पण आतून आता पार थकून गेला आहात." मग थांबेल. बाई म्हणतील, "थकले नाही हो, मला राग येतो." समुपदेशकाचे ऐकणे चुकले होते, बाईंनी ते दुरुस्त केले, आणि दुरुस्त करताना जे चार वर्षांत उच्चारले नव्हते ते उच्चारले. रॉजर्स यांच्या लेखी हे वाक्य म्हणजे तपासणी असते : मला तुमचे बरोबर कळले का? साहाय्यार्थीचे शब्द पोपटासारखे परत म्हणणे म्हणजे रॉजर्स यांची पद्धत, अशी थट्टा पुष्कळ झाली. तिचा त्यांना वैताग येई, आणि १९८६ मध्ये त्यांनी हा गैरसमज दूर करण्यासाठी स्वतंत्र टिपणही लिहिले.

बिनशर्त आदर म्हणजे प्रत्येक कृतीला संमती, असाही एक समज आहे, आणि भाविक वाचकाच्या मनात तो येणे साहजिक आहे. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या माणसाला आदराने ऐकणे याचा अर्थ मारणे ठीक आहे असे म्हणणे नव्हे. मात्र एवढ्याने प्रश्न संपत नाही. १८ एप्रिल १९५७ रोजी मिशिगन विद्यापीठात रॉजर्स आणि ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांचा जाहीर संवाद झाला. त्यात बूबर यांनी दोन हरकती घेतल्या. मदत मागणारा आणि मदत देणारा यांचे नाते बरोबरीचे असू शकत नाही, कारण समुपदेशक दोन्ही बाजू पाहू शकतो, समोरचा नाही. आणि माणूस आज जसा आहे तसा स्वीकारणे ही सुरुवात झाली. त्याच्यात जे घडायचे आहे त्याला हाक घालण्यासाठी कधी त्याच्याशीच झगडावे लागते. प्रस्तुत लेखकाला बूबर यांची पहिली हरकत आजही बिनतोड वाटते.

ख्रिस्तसभेशी आलेला संबंध

रॉजर्स यांनी चर्च सोडले, तरी चर्चने त्यांना सोडले नाही. ओहायोत त्यांच्याजवळ शिकलेले एक कॅथलिक धर्मगुरू, फादर चार्ल्स करन, पुढे शिकागोच्या लोयोला विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि त्यांनी ही ऐकण्याची रीत परकीय भाषा शिकवण्याच्या कामातही आणली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजाच्या ६२ व्या परिच्छेदात, मेंढपाळ-कार्यात ईशज्ञानाबरोबर मानसशास्त्र व समाजशास्त्राच्या निष्कर्षांचाही उपयोग करावा असे सांगितले. धर्मगुरूंच्या प्रशिक्षणात समुपदेशनाला जागा मिळाली ती या वाऱ्यात.

महाराष्ट्रात या प्रवाहाचे नाव येते ते फादर अँथनी डिमेलो, येशूसंघीय, यांच्याबरोबर. मुंबईत जन्मलेल्या या धर्मगुरूंनी शिकागोच्या त्याच लोयोला विद्यापीठात शिक्षण घेतले होते. १९७० च्या दशकात त्यांनी 'साधना' ही मेंढपाळ-समुपदेशनाची संस्था सुरू केली; पुण्याहून ती पुढे लोणावळ्याला गेली. फादर डिमेलो रॉजर्स यांचे निव्वळ अनुयायी नव्हते. त्यांच्यात इग्नेशियन साधना, पूर्वेकडील ध्यान आणि अन्य मानसोपचार यांचे मिश्रण होते. त्यांच्या लिखाणातील काही भूमिकांविषयी व्हॅटिकनने १९९८ मध्ये इशाराही दिला. रॉजर्स ४ फेब्रुवारी १९८७ रोजी गेले आणि फादर डिमेलो त्याच वर्षी २ जूनला.

खरे तर संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधने'च्या सूचनांत (प्रकाशन १५४८) साधना देणाऱ्याने साधकाला कोणत्याही एका निवडीकडे झुकवू नये, देवाला आणि त्या जिवाला थेट भेटू द्यावे, असा दंडक आहे. रॉजर्स यांच्या चारशे वर्षे आधीची ही सावधगिरी आहे. फरक मूलभूत आहे : तेथे तिसरा, म्हणजे देव, उपस्थित आहे असे गृहीत आहे, रॉजर्स यांच्या खोलीत दोघेच असतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या 'इव्हांजेली गौदियुम' या प्रबोधनपत्रात दुसऱ्याच्या पवित्र भूमीसमोर पायताण काढून उभे राहण्याची, मोशेच्या प्रसंगातली, प्रतिमा वापरली, ती याच संदर्भात.

लॉस एंजेलिसचे प्रकरण मात्र अवघड आहे आणि ते टाळून हा परिचय प्रामाणिक होणार नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील इमॅक्युलेट हार्ट धर्मभगिनींच्या शिक्षणसंस्थांत रॉजर्स आणि त्यांचे सहकारी विल्यम कोल्सन यांनी 'एन्काउंटर ग्रूप', म्हणजे मनमोकळ्या संवादाचे समूह, घेतले. त्याच सुमारास धर्मभगिनींनी विश्वपरिषदेच्या आवाहनानुसार पोशाख, प्रार्थनेच्या वेळा, शाळांतील कामाचा बोजा यांत बदल ठरवले आणि कार्डिनल मॅकिंटायर यांच्याशी त्यांचा तीव्र संघर्ष झाला. १९७० मध्ये सुमारे तीनशे भगिनींनी व्रतांतून मुक्तता घेतली. पुढे कोल्सन यांनी पश्चात्तापाने जाहीर केले की हे आमच्या प्रयोगामुळे घडले. धर्मभगिनींच्या प्रमुख ॲनिटा कॅस्परी यांनी २००३ च्या आपल्या पुस्तकात सारा भर नूतनीकरणावर व कार्डिनलांशी झालेल्या संघर्षावर दिला आहे. सारे खापर मानसशास्त्रज्ञांवर फोडणे आम्हांला न्याय्य वाटत नाही. त्या सुशिक्षित, विचारी स्त्रिया होत्या आणि त्यांना स्वतःचे निर्णय होते. तरीही एक धडा उरतो. संस्थेने आयोजित केलेल्या समूहात मन उघडे करण्याला 'नको' म्हणण्याची मोकळीक खरोखर किती जणांना असते? व्यक्तीच्या स्वातंत्र्याची पताका घेतलेल्या पद्धतीने हा प्रश्न तेव्हा पुरेसा विचारला नाही.

पुरावा काय सांगतो

रॉजर्स स्वतः संशोधनाचे आग्रही होते. १९५६ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचा वैज्ञानिक योगदानाचा पुरस्कार प्रथमच दिला गेला, त्याच्या तिघा मानकऱ्यांत ते होते. पण विस्कॉन्सिनमधील मेंडोटा रुग्णालयात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर त्यांनी केलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष निराशाजनक निघाले. या उपचाराने एकंदरीत फारसा फरक पडला नाही. ज्यांना समानुभूती अधिक लाभली त्यांचे काहीसे बरे झाले, इतकेच. तीव्र मनोविकारात औषधोपचाराला हा पर्याय नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

नैराश्याबाबत चित्र संमिश्र आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे ५१० रुग्णांवर झालेल्या व २०२१ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यक्तिकेंद्रित पद्धत सहा महिन्यांनंतर विचार-वर्तन उपचाराच्या तोडीस तोड ठरली, परंतु वर्षाअखेरीस विचार-वर्तन उपचार सरस दिसला. अल्बर्ट एलिस यांनी तर १९५९ मध्येच रॉजर्स यांच्या अटी इष्ट आहेत पण आवश्यक नाहीत असे खोडून काढले होते. मराठी वाचकाला, गंमत म्हणजे, रॉजर्स यांच्यापेक्षा एलिसच जवळचे. कि. मो. फडके यांनी एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत येथे रुजवली आणि अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या पुस्तकाने ती घरोघर नेली. वाद घालून पटवणारा एलिस आपल्या स्वभावाला मानवतो. गप्प बसून ऐकणारा रॉजर्स तितका नाही.

कोचिंग

आपल्याकडे 'कोचिंग' म्हटले की शिकवणी वर्ग डोळ्यांसमोर येतो. येथे अभिप्रेत आहे ते निराळे : नोकरीतला बदल, निवृत्ती, नवी जबाबदारी अशा वळणांवर दुःखात नसलेल्या माणसाला स्वतःची वाट शोधण्यास साथ देणे. टिमोथी गॅल्वे यांचे टेनिसवरील पुस्तक (१९७४) आणि जॉन व्हिटमोर यांचे कार्यक्षमतेवरील पुस्तक (१९९२) यांपासून हा व्यवसाय फोफावला. 'उत्तर समोरच्याजवळ आहे' हे त्याचे गृहीत सरळ रॉजर्स यांच्याकडून आलेले वाटते. फरक ध्येयात पडतो. कोचिंगमध्ये ध्येय ठरवून त्याकडे पावले मोजली जातात. व्यक्तिकेंद्रित कोच ध्येयसुद्धा समोरच्यावर सोपवतो आणि ते मध्येच बदलले तरी बिथरत नाही. कंपनी पैसे मोजत असेल तर अडचण येते. कर्मचाऱ्याला नोकरी सोडावीशी वाटू लागली तर कोच कोणाचा? हा करार पहिल्याच भेटीत, तिघांच्याही संमतीने, स्पष्ट झालेला असावा.

आपल्या परिसरात

आपल्या गावांत ही पद्धत जशीच्या तशी उतरवता येत नाही. येथे माणूस एकटा नसतो. मुलीच्या लग्नाचा निर्णय तिच्याबरोबर काका, मामा आणि आजीही घेत असतात. समुपदेशकाला 'फादर, तुम्हीच सांगा' असे म्हणून कोणी हात जोडले, तर केवळ मौन धरणे हा उद्धटपणा ठरतो. माहिती, पर्याय, कायदा हे सांगावेच. निर्णय तेवढा हातात घेऊ नये. दुसरी अडचण गुप्ततेची. ज्या आळीत कोण कोणाच्या दारात किती वेळ थांबले हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते, तेथे धर्मग्रामाच्या कचेरीतील खोली सोयीची असली तरी सुरक्षित वाटेलच असे नाही. शेजारच्या धर्मग्रामातील समुपदेशकाकडे जाणे कधी अधिक बरे.

गुप्ततेला मर्यादाही आहेत आणि त्या पहिल्या भेटीतच सांगायला हव्यात. जिवाला धोका असेल तर समुपदेशक गप्प राहू शकत नाही. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. प्रायश्चित्त संस्कारातील गुप्तता ही ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार अगदी वेगळी व अभंग बाब आहे. समुपदेशनाची खोली म्हणजे पापनिवेदनाची जागा नव्हे. एकाच धर्मगुरूकडे दोन्ही कामे असतील तर आपण कशासाठी आलो आहोत हे आधीच उच्चारलेले चांगले.

समुपदेशक निवडताना त्याचे शिक्षण कोठे झाले, त्याच्या कामावर कोणा अनुभवी व्यक्तीची देखरेख आहे का, औषधांची गरज भासल्यास तो मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो का, हे विचारण्यात संकोच नको. तीन-चार भेटींनंतरही आपले ऐकले जात नाही असे वाटल्यास तसे त्यालाच सांगावे. उत्तरादाखल तो रागावला, तर दुसरा समुपदेशक शोधावा. भास होणे, अनेक दिवस झोप नसणे, जीव द्यावासा वाटणे अशा वेळी थांबू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली 'टेली-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतूनही उपलब्ध आहे.